डॉल्बी, व्हीपीपी आणि कळंबचं होम थिएटर: स्पीकर दुकानातून घ्यावा की ऑनलाइन?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आपल्या पॉडकास्टला जे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न दर दिवाळीला हमखास असतो. "दादा, घरी होम थिएटर घ्यायचं आहे. ऑनलाइन घेऊ की दुकानातून?" मी इंजिनिअर आहे म्हणून लोक विचारतात. सॉफ्टवेअरवाल्याला स्पीकरमधलं सगळं कळतं, असा आपल्याकडे समज आहेच.

आता याचं पाच मिनिटांचं उत्तर यूट्यूबवर शेकड्यांनी मिळेल. आपला पॉडकास्ट इतिहासाचा, म्हणून आपण जरा मागून येऊ. कारण मी जसजसं वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की हा वाद फ्लिपकार्टपेक्षा फार जुना आहे. घरी बसून माल मागवायचा की बाजारात जाऊन घ्यायचा, हा प्रश्न आपल्या पणजोबांसमोरही होता. दोन्ही वेळा खरे मुद्दे दोनच. एक, वस्तू घेण्याआधी तुम्हाला ती तपासता येते का? स्पीकरच्या बाबतीत, ऐकता येते का? आणि दोन, ती बिघडली तर कुणाच्या दारात जायचं? मी यांना 'कान' आणि 'दार' म्हणतो. आजचा सगळा भाग या दोन शब्दांभोवती फिरणार आहे.

उदाहरण घेऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचं. म्हणजे चिंतामणी गणपतीचं कळंब, धाराशिवकडचं नव्हे. यवतमाळपासून वीस-बावीस किलोमीटर, नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस. मोठी शोरूम पाहायची तर यवतमाळ, त्याहून मोठी पाहायची तर नागपूर. अशा गावात हा प्रश्न जितका खरा आहे, तितका पुण्या-मुंबईत नाही.

आधी 'डॉल्बी' या शब्दाचं बघू

आपल्याकडे 'डॉल्बी' म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. 'यंदा डॉल्बी लावणार का?', 'डॉल्बीला परवानगी नाही', अशा बातम्या दर गणेशोत्सवात असतात. पण डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी, अमेरिकन इंजिनिअर. आणि या माणसाचा भारताशी थेट संबंध आहे. १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून चंदीगडला होता, सेंट्रल सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स ऑर्गनायझेशन ही सरकारी संस्था उभी करायला मदत करत होता. वय तिशीच्या आसपास. म्हणजे माझ्याएवढाच.

त्या काळात टेपवर रेकॉर्डिंग केलं की मागे 'हिस्स' असा आवाज यायचा. तो कसा कमी करायचा, हा त्याचा ध्यास. भारतातून तो १९६५ मध्ये लंडनला गेला, तिथे डॉल्बी लॅबोरेटरीज काढली आणि टेपवरची ही खरखर कमी करणारी पद्धत बाजारात आणली. तुमच्या घरी जुना चांगला कॅसेट डेक असेल, तर त्यावर 'डॉल्बी एनआर' असं बटण सापडेल. एनआर म्हणजे नॉइज रिडक्शन. म्हणजे बघा, ज्या माणसाने नको तो आवाज कमी करायला सुरुवात केली, त्याचं नाव आपण नको तितक्या मोठ्या आवाजाला दिलं!

पुढे त्याची कंपनी सिनेमाकडे वळली. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मुळे डॉल्बी स्टिरिओ जगभर गाजला. १९९२ च्या 'बॅटमन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं. समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि धमधम करणारा एक सबवूफर. यालाच आपण ५.१ म्हणतो. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली आणि थिएटरातलं ५.१ घरात शिरलं. 'होम थिएटर' हा शब्द आपल्या बाजारात आला तो याच वाटेने.

दीडशे वर्षांपूर्वीचं 'कॅश ऑन डिलिव्हरी'

आता थोडं मागे जाऊ, १८७७ सालात. या वर्षी भारताच्या टपाल खात्याने व्हीपीपी सुरू केली, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. आजीआजोबांना विचारा, ते सांगतील, "व्हीपीने मागवलं होतं." पद्धत अशी: मुंबई-कलकत्त्याचा व्यापारी पार्सल पोस्टात टाकणार. पोस्टमन ते तुमच्या गावात आणणार. तुम्ही त्याच्या हातात पैसे द्यायचे, मग पार्सल घ्यायचं. पोस्ट ते पैसे व्यापाऱ्याला पाठवणार. पुस्तकं, औषधं, घड्याळं, असलं कितीतरी सामान या वाटेने खेड्यापाड्यांत पोचलं. मासिकांच्या शेवटच्या पानांवर जाहिराती आणि खाली 'व्ही. पी.ने पाठवू'.

ओळखीचं वाटतंय ना? हेच तर कॅश ऑन डिलिव्हरी! आणि तेव्हाचे त्रासही तेच. न मागवलेलं पार्सल पाठवून पैसे उकळणं, जाहिरातीत एक आणि खोक्यात दुसरंच, लोकांनी पार्सल न घेता परत पाठवणं. हे इतकं होतं की १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात त्याची सोय करावी लागली. ग्राहकाने खरंच मागणी केली आहे असं पाठवणाऱ्याने जाहीर करायचं, असा नियम करता येईल. आणि फसवणूक झाली असेल तर वसूल केलेले पैसे थांबवून ग्राहकाला परत देता येतील. आज ॲपवर 'रिफंड इनिशिएटेड' दिसतं ना, त्याचा हा पणजोबा समजा.

घरपोच मालाच्या या साखळीतली पुढची कडी एका मराठी माणसाने घडवली. श्रीराम भिकाजी वेलणकर. मूळचे कोकणातले, संस्कृतचे कवी आणि नाटककार, आणि नोकरीने टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. देशात एकाच नावाची गावं ढिगाने. आपलंच बघा ना, कळंब दोन! त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या लिप्यांत. यावर उपाय म्हणून वेलणकरांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. आज ॲपमध्ये स्पीकर पसंत केल्यावर पहिला प्रश्न येतो, 'डिलिव्हरी पिनकोड टाका'. आपण ४४५ ने सुरू होणारा आकडा टाकतो आणि पार्सल धाराशिवकडे न जाता यवतमाळ जिल्ह्यात येतं. एका संस्कृत कवीमुळे तुमचा सबवूफर बरोबर कळंबात पोचतो, असं म्हटलं तरी चालेल.

तर व्हीपीपीने 'घरपोच' दिलं. पण कान दिला नाही आणि दारही दिलं नाही. आवाजाची वस्तू ऐकायला आणि दुरुस्त करायला माणूस लागतोच. तिथे दुकान आलं.

दुकानाचा जमाना: कानाने घेतलेली वस्तू

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं रेकॉर्ड झालं आणि भारतात ग्रामोफोनचा धंदा जोरात सुरू झाला. पुढे बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्या महाराष्ट्रभर वाजल्या. १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि विदर्भात रेडिओ घेण्याला कारण मिळालं. तेव्हा रेडिओ ठेवायला वर्षाचं लायसन्स लागायचं आणि तेही पोस्टातूनच काढावं लागायचं. १९८० च्या दशकात ते बंद झालं.

रेडिओ विकणारा दुकानदार नुसता दुकानदार नसायचा. तो एरियल लावून द्यायचा, व्हॉल्व्ह बदलून द्यायचा, स्टेशन लागत नसेल तर घरी यायचा. म्हणजे विक्री आणि दुरुस्ती एकाच दारात. तालुक्याच्या गावात 'रेडिओ मेकॅनिक' ही पाटी प्रतिष्ठेची होती.

मग कॅसेट आली आणि १९८० नंतर 'डेक'. कंपनीचा स्टिरिओ महाग, बाहेरचा जपानी माल आणखी महाग. आयातीवर भरमसाट कर होता, म्हणून मुंबईच्या मुसाफिरखान्यात चोरट्या वाटेने आलेल्या इलेक्ट्रॉनिक मालाची चर्चा असायची. मग सामान्य माणसाने काय केलं? असेंबल केलेला डेक घेतला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं लजपतराय मार्केट, इथून सुटे भाग यायचे आणि गावातला मेकॅनिक ते जोडायचा. प्लायवूडचं खोकं, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि सान्यो कंपनीची प्रसिद्ध ४४४० आयसी. ही आयसी दोन चॅनेलला साधारण ६-६ वॉट देते, ब्रिज करून जोडली तर १९ वॉट. एवढ्याशा चिपवर एका पिढीने अर्ध्या भारताची लग्नं, टॅक्सी आणि पानठेले वाजवले.

महत्त्वाचं हे की डेक दुकानात वाजवून घेतला जायचा. गिऱ्हाईक स्वतःची कॅसेट खिशात घालून यायचं. "भाऊ, जरा बेस वाढवा न!" मेकॅनिक बेस वाढवायचा. मग ट्रेबल. मग आवाज फुल करून 'फाटते का' बघायचं. फाटला तर दुसरा स्पीकर जोडून बघायचा. कान समोर, दार समोर.

आता हे ऐकून 'जुनं ते सोनं' असं म्हणायची घाई करू नका. त्या दुकानातही खोट होती. बिल मिळायचं नाही. वॉरंटी म्हणजे तोंडी शब्द. भाव चेहरा बघून ठरायचा. गावात दुकानं दोन, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात काय भाव आहे ते कळायला मार्ग नाही. दुकानात एखादी वस्तू नसेल तर दुकानदार जे असेल तेच चांगलं म्हणून गळ्यात मारायचा. आणि एकटी बाई दुकानात जाऊन "बेस वाढवा" म्हणते आहे, हे चित्र किती ठिकाणी दिसायचं? आज तीच बाई फोनवर दहा मॉडेल शांतपणे बघू शकते. ऑनलाइनने हे जे दिलं ते मोठं आहे, ते मान्य करूनच पुढे जाऊ.

पीएमपीओ: जेव्हा आकड्याने कानाची जागा घेतली

१९९० च्या दशकात खोक्यावर एक नवीन शब्द आला, पीएमपीओ. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. '१००० वॉट पीएमपीओ', मग '३०००', मग '५०००'. लोक ऐकण्याऐवजी खोकं वाचायला लागले.

इंजिनिअर म्हणून सांगतो, पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. कंपनीला वाटेल तो आकडा. खरा आकडा आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत किती ताकद देऊ शकतो. अमेरिकेत हाच घोळ १९६०-७० च्या दशकात झाला होता, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की ॲम्प्लिफायरची सततची ताकद ठरलेल्या पद्धतीने मोजूनच जाहिरात करायची. आपल्याकडे हे आकडे बिनधास्त छापले गेले.

घरच्या घरी तपासायची युक्ती सांगतो. आपल्या घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॉट. त्यातून ५००० वॉटचा आवाज येणार कुठून? अजून सोपं म्हणजे सबवूफरच्या मागचं स्टिकर बघा. तिथे 'पॉवर कन्झम्प्शन' लिहिलेलं असतं. तिथे ६० वॉट लिहिलं असेल, तर त्यातून सतत ६० पेक्षा जास्त निघणं शक्यच नाही. विहिरीत जेवढं पाणी, तेवढंच पोहऱ्यात येणार. आणि वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटला फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहापट ताकद लागते.

हे सगळं इतिहासाच्या भागात का सांगतोय? कारण ऑनलाइन यायच्या आधीच ग्राहकाची सवय बदलली होती. कानाने घ्यायची वस्तू तो डोळ्याने घ्यायला लागला होता. दुकानदारांनीच ती सवय लावली, कारण खोक्यावरचा आकडा दाखवून विकणं सोपं होतं. म्हणून पुढे मोबाइलच्या स्क्रीनवर तोच आकडा आणि खाली चार तारे दिसले, तेव्हा लोकांना काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. दुकानाची जी खरी ताकद होती, म्हणजे ऐकवणं, ती दुकानाने आधीच सोडून दिली होती. माझ्या मते हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे.

ऑनलाइन आलं आणि दसऱ्याचा हिशेब बदलला

२००७ मध्ये बंगळुरूत सचिन बन्सल आणि बिनी बन्सल यांनी फ्लिपकार्ट सुरू केलं, पुस्तकं विकायला. गाडी खरी सुटली ती २०१० मध्ये, कॅश ऑन डिलिव्हरी आल्यावर. कारण लोकांकडे कार्ड नव्हतं आणि विश्वासही नव्हता. म्हणजे १८७७ चं औषध पुन्हा कामी आलं. जून २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आलं. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कळंबसारख्या गावातल्या प्रत्येक हातात दुकान आलं.

या सेलच्या तारखा बघा. दसऱ्याच्या आगेमागे. आता कापसाचं वेळापत्रक बघा. वेचणी तेव्हा नुकती सुरू होते. पहिला कापूस विकून पैसा हातात येतो तो दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतर. म्हणजे सेल आधी, पैसा नंतर. गावातल्या दुकानदाराला हे माहीत असतं, म्हणून "कापूस निघाला की देतो" ही उधारी चालायची. ॲपला कापूस कळत नाही, त्याला ईएमआय कळतो. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी लपवलेलं असतं. किमतीत, प्रोसेसिंग फीमध्ये किंवा रोख घेतल्यावर मिळणाऱ्या आणि तुम्ही सोडलेल्या सवलतीत. हप्ता दर महिन्याला कापला जातो, शेताचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो. उधारी चांगली की हप्ता चांगला, यावर मी निकाल देत नाही. उधारीत मिंधेपणा होता, तेही खरं. पण 'ऑनलाइन स्वस्त' म्हणताना हा हिशेब धरायला हवा.

स्वस्ताईवरून भांडण पेटलंच. छोट्या व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की परदेशी भांडवलाच्या जोरावर तोटा सोसून माल विकला जातो, आम्ही कसं टिकायचं? व्यापाऱ्यांची देशव्यापी संघटना कैट यात पुढे होती आणि तिचे राष्ट्रीय अध्यक्ष राहिलेले बी. सी. भरतिया हे आपल्या नागपूरचे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की परदेशी भांडवल असलेलं ऑनलाइन व्यासपीठ फक्त बाजारपेठ असेल, भावावर प्रभाव टाकणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तो आणखी कडक झाला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. ज्या विक्रेत्यात व्यासपीठाचीच भागीदारी आहे, त्याने तिथे विकायचं नाही. 'हे मॉडेल फक्त आमच्याकडेच' अशी सक्ती करायची नाही. कागदावर तरी दुकानाला समान पट्टी मिळाली.

आता तुलना: कान

स्पीकर ही फोनसारखी वस्तू नाही. एकच फोन पुण्यात आणि कळंबात सारखाच चालतो. स्पीकर तसा नाही, कारण अर्धा आवाज खोली ठरवते. चिंतामणीच्या मंदिरात पायऱ्या उतरून खाली गेलात की घंटेचा नाद कसा रेंगाळतो ते आठवा. दगडी भिंती आवाज परत फेकतात. घरातही तेच. सिमेंटची फरशी, वर स्लॅब किंवा टिन, पडदे नाहीत, गालिचा नाही, तर आवाज घुमणारच.

थोडं गणित. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. या लांबी-रुंदीमुळे साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झचे सूर खोलीत अडकतात आणि फुगतात. सबवूफर नेमका याच भागात काम करतो. म्हणून शोरूममध्ये गोड वाटलेला बेस घरी आल्यावर 'घुंऽऽ' करतो. शोरूमचा हॉल मोठा असतो, त्यामुळे तिथे ऐकलं म्हणजे घरी तसंच वाजेल, असंही नाही.

म्हणजे गंमत बघा. सगळ्यात चांगली चाचणी ही दुकानातली नसून तुमच्या घरातली आहे. आणि ती संधी ऑनलाइनमध्ये असू शकते, जर परत करायची सोय असेल तर. पण मोठ्या स्पीकरवर बऱ्याचदा 'फक्त बदलून मिळेल' किंवा 'सर्व्हिस सेंटरशी बोला' असं लिहिलेलं असतं. ते ऑर्डरच्या आधी वाचा, नंतर नाही. आणि गावातल्या दुकानदाराला विचारायला लाजू नका, "दोन दिवस घरी लावून बघू का?" ओळखीत हे जमतं. ही गोष्ट ॲप कधीच करणार नाही.

अजून एक. स्वस्त '५.१' घेऊन त्यावर ब्लूटूथने सिनेमा ऐकणारे खूप आहेत. ब्लूटूथवरून येतात दोनच चॅनेल. साध्या ऑक्स पिननेही दोनच. मागचे स्पीकर वाजतात, पण समोरच्याचीच नक्कल करतात. खरं ५.१ हवं असेल तर सेटमध्ये डॉल्बी डिजिटलचा डिकोडर हवा आणि टीव्हीला एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल वायरने जोडायला हवं. हे दुकानात विचारा, ऑनलाइन वर्णनात शोधा. दोन्हीकडे नीट उत्तर मिळालं नाही, तर ते फक्त सहा खोक्यांचं स्टिरिओ आहे असं समजा.

आणि दार

स्पीकर बिघडला की कळंबचा माणूस काय करतो? कंपनीचं सर्व्हिस सेंटर यवतमाळला असलं तर बरं, नाहीतर नागपूर. वीस किलोचा सबवूफर घेऊन एसटीने कोण जाणार? २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला, तरी सबवूफर काखेत मारून रेल्वेत चढणं काही होत नाही. म्हणून खोकं पलंगाखाली जातं.

गावातला मेकॅनिक आजही जळालेली कॉइल बदलतो, यूएसबी-ब्लूटूथची प्लेट नवी टाकतो. पण नव्या साउंडबारमध्ये एकच बोर्ड, सगळं चिकटवलेलं, सुटे भाग मिळत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं ते याच कारणासाठी, की दुरुस्तीची माहिती आणि भाग कंपन्यांनी उपलब्ध करावेत.

कायद्याने मात्र ग्राहकाला एक मोठं दार दिलं आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार साधारणपणे जिथे विक्रेता आहे किंवा जिथे व्यवहार घडला तिथे करावी लागे. ऑनलाइन विक्रेता गुरुग्रामचा, मग वाद तिथूनच सुरू. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो. म्हणजे कळंबचा माणूस यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

जुलै २०२० मध्येच ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात बनली, हे दाखवलंच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचं कौतुक लिहायचं नाही. आता बघा, हे सगळं हक्क म्हणून वापरायला एक कागद लागतो. बिल. ऑनलाइनमध्ये ते आपोआप मिळतं. दुकानात आपण "बिल नको, दोनशे कमी करा" म्हणतो आणि दोनशे रुपयांत हे दार स्वतःच्या हाताने बंद करतो.

मग घ्यायचं कुठून?

इतिहास बघून माझं उत्तर असं. साधा साउंडबार किंवा छोटा २.१ सेट हवा असेल, मॉडेल आधी कुठेतरी ऐकलेलं असेल आणि तुमच्या पिनकोडवर कंपनीची सर्व्हिस असेल, तर ऑनलाइन खुशाल घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. 'सत्तर टक्के सूट' बघून भुलू नका. एमआरपी म्हणजे वरची मर्यादा, ती कितीही फुगवून छापता येते.

खरं ५.१ घ्यायचं असेल, भिंतीत वायर टाकायची असेल, किंवा घरात हे सगळं जोडणारं कोणी नसेल, तर दुकान. पण आकडा बघून नको. आपलं गाणं फोनमध्ये घेऊन जा, हळू आवाजात ऐका, मग मोठ्या आवाजात ऐका. ऐकवायला नाही म्हणणाऱ्या दुकानात आणि ॲपमध्ये काही फरक नाही, मग ॲपचा भाव तरी कमी असतो. आणि पक्कं बिल घ्या.

जे दुकानदार हा भाग ऐकत असतील त्यांना एक सांगणं. भावात तुम्ही ॲपला हरवणार नाही. पण कान आणि दार या दोन गोष्टी ॲपकडे नाहीत, त्या तुमच्याकडे होत्या. एक डेमो सेट जोडून ठेवा, घरी जाऊन सबवूफर कोपऱ्यातून दोन फूट पुढे सरकवून द्या. गिऱ्हाईक फरक ऐकेल आणि चार लोकांना सांगेल.

आणि शेवटी, कितीही भारी सेट घेतला तरी शेजारच्या घरातही कान आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डॉल्बीसाहेबांनी आवाज कमी करायला आयुष्य घालवलं, आपण निदान रात्री दहानंतर तरी त्यांचं ऐकू या.

तुमच्या गावात स्पीकर दुरुस्त करणारं कोणी उरलंय का, ते मला व्हॉइस नोट करून नक्की सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार!